बँडचं तोंड कुणाकडं?

“आणि इथं नवरदेव कोण?” मास्तरांनी विचारलं.

दिगंबरानं क्लॅरनेट ओठांवरून काढला.

“नवरदेव कसला, मास्तर? बाग आहे ही.”

“मग तू तोंड कुणाकडं करून वाजवलंस?”

“सोफ्यांकडं. पाहुण्यांकडं.”

“का?”

“...सवय.”

“हं,” मास्तर म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

सवय खरीच होती. वरातीत बँडचा मुख्य वाजवणारा नवरदेवाकडं तोंड करून उलटा चालतो. दिगंबर गुरव चौदा वर्षं असा उलटा चालत आला होता. रस्ते त्यानं पाहिले नव्हते, नवरदेव मात्र पाचशेच्या वर पाहिले होते. दोनदा गटारात पाय गेला, पण सूर सुटला नाही. ही हकीकत तो आपण होऊन सांगत असे.

क्लॅरनेटवर त्याच्या तोडीचा तालुक्यात कोणी नव्हता. तालुक्याला हे माहीत नसेल या काळजीनं तो हेही सांगत असे.

आणि लालासाहेब मुलाणी, म्हणजे मास्तर, त्याचे गुरू. स्वतः उत्तम वाजवायचे. पुढं दात गेले आणि कवळी लावून क्लॅरनेट वाजत नाही म्हणून त्यांनी हातात बँडला ताल देणारी काठी घेतली. काठी ज्याच्या हातात, बँड त्याचा.

वाळेगावच्या बागेत वाजवायची कल्पना मास्तरांचीच.

आषाढात लग्नं बंद झाली की बँडवाले रियाजाला बसतात. मास्तरांची रियाजाची पत्र्याची खोली भरवस्तीत होती. तिथल्या रहिवाशांनी नगरपरिषदेला अर्ज दिला की कलेबद्दल आम्हाला आदर आहे, परंतु ती दुसरीकडे असावी.

बागेच्या मधोमध नगरपरिषदेनं नुकतीच एक छत्री बांधली होती. आठ खांब, आठ कमानी, वर घुमट. बांधून झाल्यावर सभेत प्रश्न निघाला, की हिचा उपयोग काय? प्रश्न बांधून झाल्यावर निघाला, हे रीतीला धरूनच होतं.

मास्तर हेडक्लार्कला म्हणाले, “शनिवारी संध्याकाळी आम्ही तिथं वाजवतो. फुकट. ज्याला ऐकायचं त्यानं यावं.”

अर्जही निकाली निघाला आणि छत्रीही. हेडक्लार्क इतका खूश झाला की त्यानं सभागृहातले चार सोफे बागेत पाठवले.

तोवर बागेत येणारे म्हणजे तीन शेळ्या आणि त्यांच्या मागावर असलेला माळी. दसऱ्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मात्र शंभरएक माणसं आली. सोफ्यांवर नगरपरिषदेचे सदस्य बसले. त्यांच्यामागं, फाटकाच्या अंगाला, वरच्या आळीची माणसं. छत्रीच्या पलीकडच्या अंगाला खालच्या आळीची.

या दोन आळ्या एकत्र बसत नसत. सात वर्षांपूर्वी मधल्या सार्वजनिक नळावरून भांडण झालं होतं. पुढं घरोघर नळ आले. सार्वजनिक नळ गेला, भांडण राहिलं.

दिगंबरानं सगळ्या बँडच्या खुर्च्या सोफ्यांकडं लावल्या आणि तासभर असं वाजवलं, की सदस्यांनीसुद्धा मोबाईल खिशात ठेवले.

म्हणून तर मास्तरांचा प्रश्न त्याला झोंबला.

“मास्तर, वाजवणं कसं झालं ते सांगा की.”

“वाजवणं चांगलंच झालं. तुझं वाईट कधी होतं?”

“मग?”

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“दिगू, तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू. माझे गुडघे आता वरातीत चालायचे नाहीत. काठी कुणाला तरी द्यायची आहे.”

ती कुणाला मिळणार याबद्दल बँडमध्ये दुमत नव्हतं. त्याचं स्वतःचं तर कधीच नव्हतं.

“या छत्रीत बसल्यावर बँडचं तोंड कुणाकडं असावं? एवढं सांग आणि काठी घे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

छत्रीच्या मागच्या बाजूला, चुलाण्यावर शेंगा भाजत बसलेल्या हौसाबाई खालच्या आळीच्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सुपातला पाला फुंकत त्या म्हणाल्या,

“दिगूबा, तुझी पाठ लई गोड वाजती रं.”

मास्तर हसले. दिगंबर हसला नाही.

*

आठवडाभर त्यानं विचार केला. गुरुवारी उत्तर सापडलं. इतकं सोपं होतं, की मास्तरांच्या वयाची त्याला दया आली.

आठ बाजू, आठ गाणी. दर गाण्याला एक बाजू.

दुसऱ्या शनिवारी पहिलं गाणं संपलं. दिगंबरानं हात वर केला, बँड उठला, खुर्च्या सरकल्या, बँड बसला. ढोलवाल्या तुकारामाला ढोल, स्टँड आणि स्वतःचं पोट अशा तीन वस्तू फिरवायच्या होत्या. त्याला जरा वेळ लागला.

दुसरं गाणं सुरू झालं आणि लोक उठले.

ते बँडच्या तोंडापुढं येऊन बसले, दोन आळ्या मध्ये अंतर राखून.

तिसऱ्या गाण्याला बँड फिरला. लोकही फिरले. चटया, चपला, म्हाताऱ्यांच्या काठ्या, पाण्याच्या बाटल्या, सगळा बिऱ्हाडासकट लवाजमा छत्रीभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरू लागला. बैलांना निदान झापडं असतात. इथं सगळे डोळे उघडे ठेवून फिरत होते.

सोफे तेवढे जागेवर राहिले. सदस्यांना बसल्या जागेवरून हलवणं कोणत्याच बँडला जमलेलं नाही.

पाचव्या गाण्याला बँडचं तोंड हौसाबाईंच्या बाजूला आलं. वरच्या आळीची माणसं उठली, त्या बाजूला पाहिलं, थबकली... आणि फाटकाकडं वळून घरी गेली.

खालच्या आळीची सगळी मंडळी तोंडापुढं येऊन बसली, ती नेमकी हौसाबाईंच्या पुढ्यात.

“आता काय दिसतंय, मावशी?” मास्तरांनी विचारलं.

“काय न्हाई. आधी पाठ तर दिसत हुती.”

दिगंबर तुकारामावर ओरडला, की तुझ्यामुळं उशीर झाला. तुकाराम म्हणाला, “मला चक्कर येतीया. काठीचं तुमचं तुम्ही बघा, मला घरी जाऊ द्या.”



*

तिसऱ्या शनिवारी दिगंबरानं खुर्च्या गोल मांडल्या. सगळ्यांची तोंडं आत, एकमेकांकडं. पाठी बाहेर.

“हे काय?” मास्तरांनी विचारलं.

“आता कुणाची तक्रार नको. सगळ्यांना पाठच.”

“सगळ्यांना?”

“सोफ्यांनासुद्धा.”

सगळ्यांवर सारखा अन्याय केला की कागदोपत्री तो न्याय ठरतो. बागेत तो ठरला नाही. सूर गोलातून वर गेले, घुमटात घुमले आणि खाली येताना कोणता कुणाचा हे कळेनासं झालं. वाजवणाऱ्यांना तर इतक्या वर्षांत प्रथमच एकमेकांची वाजवतानाची तोंडं दिसत होती. साईड ड्रमवाल्याला तुकारामाचे फुगलेले गाल बघून हसू आलं. ते आवरता आवरता दोन गाणी गेली.

वरच्या आळीचे बापू निकम, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर, फाटकाच्या बाजूनं ओरडले,

“काय रे दिगंबर, आमच्यावर रुसलाय व्हय बँड? आम्ही काय तुझं घोडं मारलंय?”

लोक हसले. दिगंबराचे कान लाल झाले.

कार्यक्रम संपल्यावर तो मास्तरांपुढं येऊन उभा राहिला.

“मास्तर, याला उत्तरच नाही.”

“असं वाटतंय?”

“कसंही बसलं तरी कुणाला तरी पाठ होणारच. छत्रीच चुकीची बांधलीय.”

“छत्रीला काठी द्यायची नाहीये मला.”

“...मग काय करू?”



“पुढच्या शनिवारी वाजवू नकोस.”

“म्हणजे?”

“म्हणजे वाजवू नकोस. चंदर वाजवेल.”

चंदर ट्रंपेटवाला. सात वर्षं दिगंबराच्या उजव्या हाताला चालणारा, स्वभावानं गरीब आणि वरच्या पट्टीत डळमळीत. दिगंबर त्याला कौतुकानं ‘बोकड’ म्हणत असे. वरचा सूर लावताना त्याचा ट्रंपेट कधी कधी तसा ओरडायचा.

“चंदर? पुढं बसून?”

“हो.”

“काठी त्याला देणार?”

मास्तर उठले, गुडघे दाबले आणि हळूहळू फाटकाकडं गेले.

हौसाबाई चुलाण्यातले निखारे विझवत होत्या. त्यांनी दिगंबराकडं पाहिलं. मग नजर वळवून राख सारखी केली, आणि तेच त्याला जास्त लागलं.

*

आठवडाभर त्यानं क्लॅरनेटची पेटी उघडली नाही. चंदर एकदा घरी येऊन गेला. “मी म्हटलं न्हाई मास्तरांना, शप्पत. मला भ्या वाटतंय, दिगू,” असं दारातच म्हणाला. दिगंबर म्हणाला, “वाजव की. काठी आहे मोठी.” चंदर चहा न घेता गेला.

शनिवारी जायचं नाही असं त्यानं ठरवलं. साडेपाचला तो बागेत होता.

हातात क्लॅरनेट नव्हता. हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. आधी खिशात घातले, मग पाठीमागं बांधले. शेवटी हौसाबाईंकडून शेंगांचा पुडा घेतला, तेव्हा कुठं हातांना काम लागलं.

चुलाण्याशेजारी एक दगड होता. त्यावर मास्तर बसले होते.

“बस,” ते म्हणाले.

तो बसला. समोर छत्री. माळ्यानं खुर्च्या जशा आणून टाकल्या होत्या तशाच चंदरनं राहू दिल्या होत्या. त्यातली कोणती कुठं वळली होती हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. तो घामाघूम होता.

बँड सुरू झाला.

“किती झाल्या?” दोन गाण्यांनंतर मास्तरांनी विचारलं.

“काय?”

“चुका. मोजतोयस ना?”

“...चार. आणि लय धावतीय. तुकाराम मागं ओढतोय म्हणून बरं.”

“आणि?”

“आणि काय?”

“ऐक पुढं.”

एक जुनी भूपातली धून लागली. दिगंबराच्या हातखंड्याची. तिसऱ्या कडव्याला सूर वर चढतो आणि तिथं थांबतो. दिगंबर तिथं असा थांबायचा, की वरातीतला नाच थांबायचा. चंदर वर चढू लागला. दिगंबराची बोटं शेंगांच्या पुड्यावर हलू लागली. आता... आता...

ट्रंपेट बोकडासारखा ओरडला.



मग छत्रीच्या पलीकडून, फाटकाच्या बाजूनं एक मोठं हसू आलं. खांब आणि ढोल यांच्यामधल्या फटीतून दिगंबराला बापू निकम दिसले. मांडीवर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते. त्याच वेळी त्याच्या शेजारी हौसाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि हसता हसता त्यांनीही वर पाहिलं.

दोघांची नजर बँडमधून आरपार एकमेकांवर पडली.

बापूंनी हसू गिळलं. हौसाबाईंनी चुलाण्यात लाकूड सारलं, सारायची गरज नव्हती तरी.

छत्रीत चंदरनं कपाळावरचा घाम पुसला. “पुन्यांदा,” तो बँडला म्हणाला. खालच्या आळीतून कोणीतरी ओरडलं, “चढ रं चंदर, चढ!” आणि वरच्या आळीतून दोनतीन आवाज आले, “हां, चढ!”

तिसरं कडवं पुन्हा लागलं. सूर चढू लागला. बापू निकम मांडीवर ताल धरून पुढं झुकले होते. हौसाबाईंचा हात कढईवर, उलथन्यासकट अधांतरी थांबला होता. दोघांचाही श्वास चंदरच्या श्वासात अडकला होता. दिगंबराचाही.

लागला.

फार सुंदर लागला नाही. पण लागला. दोन्ही बाजूंनी टाळ्या झाल्या, त्या छत्रीत येऊन एकमेकींत मिसळल्या. सोफ्यावरचे एक सदस्य चक्क उभे राहिले.

पुढच्या गाण्यात बापू निकम उठले. छत्रीला वळसा घालून ते हौसाबाईंच्या चुलाण्यापाशी आले. येताना त्यांनी दोनदा मागं पाहिलं. आळीतलं कोणी अडवत नव्हतं.

“भाजलेल्या हायत का?”

“हायत की. सात वर्सं भाजतीया.”

बापूंनी खाकरून घसा साफ केला.

“मग द्या एक पुडा.”

“बसा. गरम करून देते.”

बापू मातीतच बसले. थोड्या वेळानं त्यांच्या सूनबाई आल्या. मग वरच्या आळीतली आणखी चारसहा माणसं आली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. शेंगा मात्र त्या दिवशी कार्यक्रम संपायच्या आधीच संपल्या, आणि हौसाबाईंनी बापूंकडं पाहून, “तुमचा कंडक्टरचा आवाज अजून हाय तसाच हाय हो,” एवढं ऐकवलंच.

“आणि तुमची जीभ,” बापू म्हणाले.

दिगंबराच्या हातात टरफलं उरली होती. शेंगा कधी खाल्ल्या ते त्याला आठवेना.

आपण वाजवलं असतं तर तो सूर फाटला नसता. हे खरंच होतं. तो फाटला नसता... आणि मग? मग काय झालं असतं, याचा विचार करता करता शेवटचं गाणं संपलं. टाळ्या झाल्याचं त्याला उशिरा कळलं, कारण तो स्वतःच टाळ्या वाजवत होता.

लोक उठले. पण घरी जाईनात. दिवे लागले होते, आणि लोक उगाच उभे होते, कुणाचा मुलगा कुठं असतो आणि कुणाचं ऑपरेशन कसं झालं, हे सात वर्षांचं साचलेलं विचारत.

“दिगू,” मास्तर म्हणाले.

“जी.”

“आज बँडचं तोंड कुणाकडं होतं?”

दिगंबरानं छत्रीकडं पाहिलं. खुर्च्या घडी करून कडेला लावून झाल्या होत्या. तुकाराम ढोलाचा पट्टा सोडत होता.

त्यानं आठवून पाहिलं. पुन्हा आठवून पाहिलं.

“...बघायचं राहिलं, मास्तर.”

“राहिलं?”

“ध्यानातच नाही आलं.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“काठी चंदरला द्या,” दिगंबर म्हणाला. ते म्हणताना जड जाईल असं त्याला वाटलं होतं. गेलं, पण वाटलं होतं तेवढं नाही. “त्याला मी वरचा सूर बसवून देतो. श्वास चुकतोय त्याचा, बाकी काही नाही.”

“बसवून देशील?”

“उद्यापासून.”

“आणि बसला नाही तर?”

दिगंबरानं बापू निकमांकडं पाहिलं. ते हौसाबाईंची कढई उतरवायला हात लावत होते आणि “चटका बसंल, सोडा तुम्ही,” म्हणून बोलणी खात होते.

“नाही बसला तर...” दिगंबर म्हणाला आणि हसला. “राहू द्या.”

मास्तरही हसले. कवळी सावरून पुन्हा हसले.

मग ते उठायला लागले. गुडघ्यांवर हात ठेवला, अर्धे उठले... आणि परत दगडावर बसले. पाय लांब केले. सदरा सारखा केला. दगडाची जागा नीट चाचपून, बूड हलवून, घरच्यासारखे टेकले.

“मी आता इथंच बसत जाणार, दिगू. काठी तुझीच, उद्या घरी येऊन घेऊन जा. आणि पुढच्या शनिवारी माझ्याकडं पाठ करून वाजव.”